थेट चित्र

पहिल्यांदा दोर थांबला तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. रोपवे म्हटला की थांबणं आलंच. एखादं दार नीट लागत नाही, कोणाच्या पिशवीचा पट्टा फटीत अडकतो, नाहीतर वाराच उगाच एक धक्का देऊन जातो. मग ब्रेक पडतो, थोड्या वेळाने सुटतो आणि केबिन दरीवरून पुन्हा संथ सरकायला लागतात. त्यामुळे खालच्या स्टेशनाच्या नियंत्रण खोलीत बसलेल्या मुंगीने नुसती मान वर केली. समोरच्या पडद्यावर एरवी हिरवे ठिपके पळत असतात. आता तिथे काहीच नव्हतं. ठिपके थांबले असते तर ती पुन्हा आपल्या कामाला लागली असती, पण पडदाच कोरा होता. म्हणजे दोर कशामुळे तरी थांबलेला नव्हता. दोरावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअरच मेलं होतं, आणि ते मेलं की ब्रेक आपोआप पडतो, म्हणून तो पडला होता.

आणि बाबा वर होते.

मुंगी हे तिचं घरचं नाव. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांनी स्टेशनच्या फोनवर "आमची मुंगी आहे का हो?" असं विचारलं आणि तिची पदवी, तिचं ओळखपत्र, तिचा नवा कोरा रुबाब सगळा एका दमात पुसला गेला. तेव्हापासून ती सगळ्यांचीच मुंगी झाली. स्टेशनातले सगळे संगणक तिच्या ताब्यात होते. बाबा शिंपी. स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटला तरी त्यांचे गुडघे कापायला लागत. पण लेक जिथे काम करते ती जागा एकदा बघायला नको का, म्हणून तिने महिनोन्‌महिने मागे लागून आज त्यांना आणलं होतं. सकाळी डोळे मिटून ते वर गेले. आता परतीच्या केबिनमध्ये बसले होते आणि वरच्या स्टेशनातून निघून जेमतेम पहिला खांब ओलांडला होता, तोच हे झालं. दुपारनंतर वर कोणी जात नाही. सगळेच उतरत होते, आणि उतरणाऱ्यांत बाबांची केबिन सगळ्यांच्या मागे होती.

तिने मशीन पुन्हा सुरू केलं. सुरू झालं की ते आधी ब्रेक तपासतं, मग खांब, मग एकेका केबिनचं दार. तेवढा वेळ दोर हलत नाही. शेजारच्या खुर्चीवर भोंगाकाकांनी माइक पुढे ओढला. काका इथले सगळ्यात जुने चालक. त्यांचा आवाज असा होता की स्मशानातली सूचनासुद्धा त्यांनी वाचली असती तर लोक निवांत झाले असते. काचेवर चिकटवलेला कागद त्यांनी तोंडपाठ असूनही बोट ठेवून वाचला.

"प्रवासी मित्रांनो, दोर काही क्षणांसाठी थांबला आहे. आपण पूर्णपणे सुरक्षित आहात. केबिनमधल्या चौकोनी चिन्हावर आपला मोबाइल धरा आणि आपल्या प्रवासाचं थेट चित्र पाहत निवांत बसा."

ही चौकोनी चिन्हं याच आठवड्यात साहेबांनी प्रत्येक केबिनमध्ये लावून घेतली होती. साहेब म्हणजे स्टेशनप्रमुख. खांबांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्र प्रवाशांना मोबाइलवर दिसावं, घरच्यांनाही दाखवता यावं, ही त्यांचीच कल्पना.

मुंगीचा फोन वाजला.

"मुंगे, हे थांबलंय."

"हो बाबा, माहीत आहे. होईल सुरू."

"कधी?"

"आत्ता होईल. तुम्ही बाहेर बघू नका."

"बाहेर कोण बघतंय? मी माझ्या बुटांकडे बघतोय. पण दोन बुटांच्या मधे फट आहे गं, जमिनीला. त्यातून झाडं दिसतायत. वरून दिसतायत."

"मग असं करा, मोबाइलवर ते थेट चित्र लावा आणि तेच बघत बसा."

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "हां, आलं. अरे, हे बरं आहे की! यात आपली केबिन वाटाण्याएवढी दिसते. यात काही भीती वाटत नाही. जन्मभर दोऱ्यावर पोट भरलं मुंगे, पण दोराला लटकायची वेळ आज आली." ते हसले. हसणं जरा उंच पट्टीतलं होतं.

तपासणी पुरी झाली, ब्रेक सुटला, ठिपके हलले. मुंगीने सुस्कारा सोडला आणि मशीनने मरण्याआधी काय लिहून ठेवलंय ते उघडलं. शेवटची ओळ अगदी स्पष्ट होती: वाऱ्याचं माप वाचता आलं नाही. म्हणजे खांबावरचं वारा मोजणारं यंत्र बिघडलं असणार. तिने मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री स्टेशनामागच्या कार्यशाळेत होते. "मिस्त्री, खालच्या खांबावर चढून वाऱ्याचं यंत्र बघता का?"

"या वाऱ्यात? बरं. माझ्या बायकोला सांग, शेवटपर्यंत हसतमुख होता म्हणून."

ते चढत होते तेव्हाच साहेब दार ढकलून आत आले. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि चेहरा उतरलेला होता. "हवामानवाल्यांचा फोन आला. संध्याकाळी येणार म्हणत होते तो वारा आत्ताच निघालाय. जास्तीत जास्त तासभर. सगळ्यांना उतरवा आणि बंद करा."

"उतरतायतच," भोंगाकाका म्हणाले. "वीसेक मिनिटं."

वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं मुंगीला वाटलं. आणि तेवढ्यात पडदा कोरा झाला. खालून, मोठ्या चाकाच्या खोलीतून, ब्रेक पडल्याचा दणका आला आणि टेबलावरचा पेन गडगडत खाली गेला.

तिने मशीन सुरू केलं. काकांनी कागदावर बोट ठेवलं. "प्रवासी मित्रांनो..." मुंगीचे हात कळफलकावर होते, पण कान खिडकीकडे. खिडकीतून दरीवर चढत गेलेले दोर दिसत होते, आणि अंतराअंतरावर केबिन. त्या आता नुसत्या लटकत नव्हत्या, झुलत होत्या. अगदी थोड्या. पण सगळ्या एकाच दिशेला.

वाऱ्याच्या मापाच्या काट्याने तांबडी रेघ ओलांडली की दोर चालवायचा नसतो, कारण झुलणारी केबिन खांबाजवळून जाताना खांबावर आपटू शकते. आणि दोर चालला नाही तर माणसं आहेत तिथेच राहतात, झुलत. अडीअडचणीसाठी एक डिझेल इंजिन होतं. पण ते दोर इतका सावकाश ओढतं की सगळ्यांना उतरवायला दोन तास लागले असते. हे सगळं खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

फोन वाजला. मिस्त्री होते, आणि त्यांच्या आवाजापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा येत होता. "मुंगी, यंत्र भिंगरीसारखं फिरतंय. काही झालेलं नाही त्याला. मीही फिरतोय. उतरू का?"

"उतरा, उतरा!"

तिने दुसऱ्या मरणाची शेवटची ओळ बघितली. दरवाज्यांची स्थिती वाचता आली नाही.

दरवाजे? मघाशी वारा, आता दरवाजे. तिच्या डोक्याचा एक कोपरा मात्र थंडपणे चालू होता. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार झालेला कोपरा होता. अर्ध्या तासात दोन वेगवेगळ्या, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या गोष्टी बिघडत नाहीत. बिघडलंय तिसरंच काहीतरी, आणि त्या क्षणी जो समोर येतो तो त्याचा बळी ठरतो. तिने शेवटची ओळ सोडून वरच्या ओळी वाचायला घेतल्या. तिथे एकच वाक्य पानभर पसरलेलं होतं. फार फायली उघड्या आहेत. आणखी उघडता येत नाही. फार फायली उघड्या आहेत.

"साहेब, सापडलं," ती म्हणाली. आपला आवाज इतका बारीक का येतोय, ते तिला कळेना.

"मग दुरुस्त कर!"

"काय ते सांगते आधी. समजा सायकल स्टँड आहे. सायकल लावली की बिल्ला घ्यायचा, नेताना परत द्यायचा. मशीन या प्रोग्रॅमला असे मोजके बिल्ले देतं. कुठलीही फाईल उघडायची तर एक बिल्ला लागतो. वाऱ्याचं माप वाचायला एक, दरवाजे बघायला एक. वाचून झालं की परत करायचा. आपला प्रोग्रॅम कुठेतरी बिल्ले घेतोय आणि खिशात टाकून विसरतोय. संपले की वारा वाचायला गेलेला हात रिकामा परत येतो. वारा वाचता आला नाही तर ब्रेक टाकून आडवं व्हायचं, हे त्याला शिकवलेलंच आहे."

"हजार-बाराशे बिल्ले वाढव ना मग!"

"सेटिंगला सील आहे. हात लावला तर सुरक्षेचं कुलूप पडतं, आणि तपासनीस येऊन उघडेपर्यंत ब्रेक सुटत नाही. तपासनीस यायला रात्र होईल."

"कंपनीला फोन लाव, ज्यांनी हे बनवलं!"

"मघाशीच लावला होता. तक्रार नोंदवून घेतली. कामाच्या दोन दिवसांत उत्तर देतील."

साहेबांनी कंपनीच्या आईबापांचा उद्धार केला. भोंगाकाकांनी माइक बंद आहे ना ते हळूच बघितलं.

मुंगीने पडद्यावर प्रोग्रॅमचीच देखभालीची खिडकी उघडली. तिथे किती फायली उघड्या आहेत त्याचा आकडा दिसतो. वरची मर्यादा हजाराच्या थोडी पुढे. आत्ता, नुकत्याच सुरू झालेल्या मशीनवर, आकडा पन्नास-साठ होता. तो हळूहळू वाढत होता. खांबांची तपासणी झाली, आकडा तसाच रांगत राहिला. दरवाज्यांची झाली, तरी रांगणंच. मग हा अचानक फुगतो कशाने?

दोर अजून सुटला नव्हता, म्हणून काकांनी आपल्या शिस्तीप्रमाणे पुन्हा एकदा माइक ओढला. "आपण पूर्णपणे सुरक्षित आहात. केबिनमधल्या चौकोनी चिन्हावर आपला मोबाइल धरा..."

आकडा उडाला. शंभर. दीडशे. बघता बघता तीनशे.

तिने काकांकडे पाहिलं. काका कागद पुरा करून, पाण्याचा घोट घेऊन, अगदी समाधानाने बसले होते. ब्रेक सुटला. दोर निघाला. आकडाही निघाला. चारशे, पाचशे.

"चित्र," ती म्हणाली. "थेट चित्र. कोणी मोबाइलवर चित्र लावलं की प्रोग्रॅम त्याच्यासाठी एकदम पाच-दहा फायली उघडतो आणि त्या कधी मिटतच नाहीत. चित्र अडकलं की लोक पुन्हा लावतात, की आणखी तेवढ्याच. रोज रात्री मशीन बंद होतं, सकाळी सगळे बिल्ले पुन्हा पेटीत, आणि चिन्हं लागल्यापासून आज पहिल्यांदाच एवढी गर्दी. म्हणून आजवर कळलं नाही. काका, आपण दर वेळी..."

काकांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा हात माइकवरून असा मागे गेला, जणू माइकला वीज आली होती.

दोर थांबतो. लोक घाबरतात. आपण त्यांना सांगतो, घाबरू नका, चित्र बघा. लोक चित्र बघतात आणि दोर थांबतो. जितके जास्त घाबरतील तितका लवकर. आणि बाबांना तर तिने स्वतः सांगितलं होतं.

आकडा हजाराच्या पुढे गेला आणि पडदा तिसऱ्यांदा कोरा झाला.

"ती चित्राची वायर उपटून टाक!" साहेब ओरडले.

"तीच वायर खांबांची आहे, साहेब. बसवताना दोन्हींसाठी एकच टाकली. उपटली की खांबच मुके होतील."

खिडकीची काच आता थरथरत होती. भिंतीवर वाऱ्याच्या मापाचा काटा होता. तो तांबड्या रेघेच्या अलीकडे होता, पण स्थिर नव्हता, आणि दर वेळी मागे जाताना पूर्वीपेक्षा थोडा कमी मागे जात होता. खाली फलाटावर उतारूंना न्यायला आलेले लोक जमले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाची मान खाली. तेही बघत होते.

"मग एकच आहे," मुंगी म्हणाली. "लोकांनी बघायचं थांबवलं पाहिजे. सगळ्यांनी. मी मशीन सुरू करते, आणि वीस मिनिटं कोणी बघायचं नाही."

"अगं, बघू नका म्हटलं की लोक हमखास बघतात! आणि खरं सांगितलं तर वर बोंबाबोंब होईल. एखाद्याने घाबरून दार उघडायचा प्रयत्न केला म्हणजे?"

"मग काय सांगू?" काकांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला घडी पडलेली होती. "नवा कागद लिहून द्या कोणीतरी."

कोणी लिहून दिला नाही. साहेबांनी खिडकीतून फलाटाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि टोपी काढून खुर्चीवर फेकली. "खरं सांगा," ते म्हणाले. "मी खालच्यांना बघतो." आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत गेले.

भोंगाकाकांनी माइक सुरू केला.

"मंडळी, खालून बोलतोय. इतका वेळ कागद वाचत होतो, आता कागद नाही. दोर धड आहे. ब्रेकही धड आहे. बिघडलंय ते चित्र. तुम्ही मोबाइलवर चित्र बघता, त्याच्या ओझ्याने आमचं मशीन बंद पडतंय. मीच बघा म्हणालो म्हणून तुम्ही बघितलंत, ती चूक माझी. आता एक करा. मोबाइल पूर्ण बंद करून खिशात टाका. शेजारच्याचा चालू असेल तर त्याला करायला लावा. वारा येतोय, लपवत नाही. पण कोणी बघितलं नाही तर त्याच्या आधी आपण सगळे खाली असू. मी इथेच बसलोय, हलत नाही."

मुंगीने बाबांना फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"ऐकलंत ना बाबा?"

"ऐकलं." मागे कसलं तरी लोखंड कुरकुरत होतं. "मुंगे, पण चित्र बंद केलं तर मला खरं बघावं लागेल."

"डोळे मिटून घ्या."

"मिटले की जास्त झुलतं. मघाशी करून बघितलं." ते थांबले. "चित्रात वाटाण्याएवढं आहे गं सगळं. त्यात मी आत बसलोय असं वाटतच नाही. वाटतं दुसराच कोणी आहे, आणि मी घरात बसून बघतोय."

लहानपणी ताप आला की बाबा तिच्या उशाशी बसून कापडाच्या चिंध्यांची गोष्ट सांगत. आता त्यांच्या उशाशी बसायचं होतं आणि मधे अख्खी दरी होती.

"केबिनमध्ये आणखी कोण आहे?"

"नवरा-बायको आहेत. आणि एक दाढीवाले. नवरा-बायकोंनी ठेवले मोबाइल. दाढीवाले ऐकत नाहीत." मग फोनपासून तोंड फिरवून ते बोललेले ऐकू आलं. "अहो, ठेवा की राव! इथे माझी मुलगी काय सांगते ते ऐका." पलीकडून काहीतरी तुटक उत्तर आलं. बाबा पुन्हा फोनवर आले. "म्हणतात, आधी तुम्ही बंद करा. तुम्ही तर फोनला चिकटून बसलाय, आणि मला शहाणपण शिकवताय."

"बाबा, फोन चालू राहिला तरी चालतं. फक्त चित्र..."

"ते त्यांना कुठे समजावत बसू? माझ्या हातात मोबाइल दिसतोय ना त्यांना." एक मोठा श्वास. "तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"मग झालं."

आणि फोन बंद झाला. कापडावर कात्री संपावी तसा, एकदम.

मशीन सुरू झालं. तपासणी. ब्रेक सुटला. ठिपके हलले. मुंगीने देखभालीची खिडकी उघडून ठेवली होती आणि तिची नजर आकड्यावर खिळली होती. साठ. सत्तर. मग ऐंशी. मघासारखी उडी नाही, नुसतं रांगणं. लोकांनी ऐकलं होतं! काकांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. पण डोळे काढले नाहीत.

पहिली केबिन स्टेशनात शिरली. खालून साहेबांचा आवाज आला. "मोबाइल इथे! बाहेर पडलात की मोबाइल इथे, मग मिठ्या मारा!" आग विझवायच्या वाळूची बादली रिकामी करून ते फलाटाच्या तोंडाशी उभे होते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल बादलीत जात होता. कारण जो खाली पोचतो तो पहिल्यांदा मागे राहिलेल्यांना बघायला चित्र लावणार, हे साहेबांना बरोबर कळलं होतं.

दुसरी केबिन. तिसरी. आकडा दीडशे झाला होता. मुंगीला ते खटकलं. कोण बघतंय? तिने नीट पाहिलं. आकडा मघासारखा उड्या मारत नव्हता. एक, मग एक, मग एक. अगदी सारख्या अंतराने, घड्याळाच्या काट्यासारखा. आणि तिला जाणवलं की घाबरलेला माणूस इतका नियमित नसतो. माणूस थांबतो, पुन्हा तीनदा घाईघाईने लावतो, मग विसरतो. हे माणसाचं काम नव्हतं. हे कुठलंतरी यंत्र होतं, जे दर दोन सेकंदांनी स्वतःहून...

तिच्याच समोरची खिडकी. देखभालीची. आकडा ताजा करायला दर दोन सेकंदांनी ती एक फाईल उघडत होती. आणि मिटत नव्हती.

चित्र बघणारे सगळे थांबले होते. बघत होती ती एकटी.

तिने खिडकी बंद केली. एका क्षणात आकडा गेला. आता किती बिल्ले उरलेत, कोणी नवं चित्र लावलंय का, प्रोग्रॅम पुढच्या श्वासाला मरणार की तासभर जगणार, काही कळायचं साधन राहिलं नाही. राहिले ते ठिपके, आणि चाकाच्या खोलीतून येणारी मोटरची घरघर. तिने खुर्ची मागे सरकवली आणि हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण ते आपोआप कळफलकाकडे जात होते.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. बघत नाहीये."

काकांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनीही आपली खुर्ची मागे घेतली.

चौथी केबिन आली. पाचवी. वाऱ्याचा काटा आता रेघेला टेकून परत फिरत होता. मोटरच्या आवाजात कुठे खंड पडतो का, तेवढंच मुंगी ऐकत होती. घरघर. घरघर. मधेच वाऱ्याचा एक लोट इमारतीवर आदळला आणि सगळा आवाज त्यात बुडाला. तेवढा वेळ तिला वाटलं, संपलं. लोट ओसरला. घरघर चालूच होती. सहावी. सातवी आत शिरताना दाराच्या चौकटीला घासली आणि आतल्या कोणाची तरी किंकाळी वर खोलीपर्यंत आली.

मग उरली एक.

ती दुसऱ्या खांबाजवळ येत होती. खिडकीतून साध्या डोळ्यांनी दिसत होती. वाटाण्याएवढी नाही, चांगली मोठी, आणि एका अंगावर कललेली. खांबाजवळ आल्यावर ती बाहेरच्या बाजूला झुलली, मग आत झुलली, आणि खांब आणि केबिन यांच्यामधलं आभाळ इतकं बारीक झालं की मुंगीने तोंडावर हात दाबला. मग ते आभाळ पुन्हा रुंद झालं. खांब मागे पडला.

"आणा, आणा," काका पुटपुटत होते. कोणाला म्हणत होते, दोराला की देवाला, काही कळत नव्हतं.

केबिन स्टेशनाच्या छपराखाली शिरली आणि काकांनी बटण दाबून दोर मंदावला. मुंगी तोवर अर्धा जिना उतरली होती.

दार उघडलं. आधी दाढीवाला उतरला. त्याने दोन्ही हातांनी बाबांचा एक हात पकडला होता. कोण कोणाला आधार देत होतं, ते सांगता आलं नसतं. मागून नवरा-बायको उतरले आणि सरळ फलाटावर बसकण मारली. बाबांचे डोळे सताड उघडे होते. ते पापणी मिटवतच नव्हते.

"सगळं बघितलं," ते म्हणाले. "सगळं. तळापर्यंत."

तिने त्यांना घट्ट धरलं. त्यांचा सदरा घामाने ओला होता आणि आत काळीज पाखरासारखं फडफडत होतं. शेजारी साहेबांच्या बादलीवर झुंबड उडाली होती. जो तो आपला मोबाइल ओढून काढत होता. कोणी घरी फोन लावत होतं. कोणी, आता काय बिघडणार म्हणून, ते चित्रच पुन्हा लावून घरच्यांना दाखवत होतं. हे बघा, इथे होतो आम्ही, इथे!

मोठा दणका झाला. पायाखालचा फलाट हादरला. डोक्यावरचं मोठं चाक जागच्या जागी थांबलं आणि बाहेर दरीवरचे रिकामे दोर वरपासून खालपर्यंत एकदा सळसळले. झुंबड एकदम गप्प झाली.

"हे काय झालं?" बाबांनी विचारलं.

दुपारभर ती त्यांना सांगत आली होती, आत्ता होईल, सगळं ठीक आहे. आता तिच्याने खोटं बोलवेना. "पुन्हा बंद पडलं, बाबा. तुम्ही अजून वर असता तर..." वाऱ्याच्या काट्याची एक जुळी तबकडी फलाटावरही होती, तिने तिकडे पाहिलं. काटा रेघेच्या पलीकडे गेला होता आणि परत येत नव्हता. "तर उद्या सकाळपर्यंत तिथेच."

बाबांनी दरीकडे पाहिलं. मग तिचा दंड धरून सावकाश, एकेक पाय जमीन चाचपत, ते पायरीवर बसले. बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता, बादलीपर्यंतसुद्धा जाणार नाही इतका.

"तुझ्या आईला यातलं निम्मंच सांगायचं," ते म्हणाले. "कुठलं निम्मं, ते मी ठरवतो. तू आधी खाली बस. तुझे पाय बघ कसे कापतायत."